सोडून आलेल्यांची साक्ष



ज्या देशात जाऊन लोकांना मोकळेपणी प्रश्न विचारता येत नाहीत, तिथली माणसं रोज कशी जगतात हे बाहेरच्याने ओळखायचं कसं? आज मी या एकाच प्रश्नाबद्दल बोलणार आहे. देश सोव्हिएत संघ. प्रश्न विचारणारे बहुतेक अमेरिकन, काही इस्रायली. उत्तरं देणारे म्हणजे तो देश कायमचा सोडून बाहेर पडलेले रशियन बोलणारे लोक. त्यांत रशियन होते, युक्रेनी होते आणि पुढच्या काळात तर मुख्यतः ज्यूच होते. म्हणून 'रशियन लोक' असं न म्हणता मी मुद्दाम 'रशियन बोलणारे' म्हणतो आहे.

आपल्याकडे सोव्हिएत देशाबद्दल मजकुराची कधी टंचाई नव्हती. मॉस्कोत छापलेली, सुबक चित्रांची स्वस्त पुस्तकं आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी हाताळली असतील. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये तिकडे जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक लिहिलं. त्यांनी जे पाहिलं ते मनापासून लिहिलं, याबद्दल मला शंका नाही. पण पाहुण्याला यजमान दाखवील ते दिसतं, आणि मांसाच्या दुकानासमोरच्या रांगेत पाहुण्याला कोणी नेऊन उभं करत नाही. हा काही अण्णा भाऊंचा दोष नव्हे. युरोपातले भलेभले लेखक तिकडे जाऊन तेवढंच पाहून आले.

मग सरकारी आकडे? जानेवारी १९३७ मध्ये स्टालिनच्या सरकारने जनगणना केली. लोकसंख्या भरली सुमारे १६ कोटी २० लाख, म्हणजे राज्यकर्त्यांनी जाहीरपणे सांगितलेल्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी. आधीच्या काही वर्षांत सामूहिक शेतीची सक्ती झाली होती, १९३२-३३ चा भीषण दुष्काळ झाला होता. त्या सगळ्याचा हिशेब या एका आकड्यात उतरला. शिवाय याच जनगणनेत धर्माबद्दल प्रश्न होता, आणि निम्म्याहून अधिक प्रौढांनी आपण देव मानतो असं चक्क सरकारी कागदावर लिहून दिलं. सरकारने काय करावं? जनगणना रद्द केली, ती करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना अटक केली, काहींना गोळ्या घातल्या आणि १९३९ मध्ये नवी जनगणना घेतली. या नव्या जनगणनेतले आकडे काय निघणार होते हे ती करणाऱ्यांना आधीच ठाऊक असणार. पुढे स्टालिन गेला, पण सवय गेली नाही. सत्तरच्या दशकात बालमृत्यूचं प्रमाण वाढू लागलं तेव्हा ते आकडे छापणंच बंद झालं.

राहता राहिले बाहेर पडलेले लोक.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनी आणि ऑस्ट्रियात लाखो सोव्हिएत नागरिक अडकले होते. युद्धकैदी होते, जर्मनांनी मजुरीसाठी गुरांच्या डब्यांतून आणलेली तरुण मुलंमुली होती, माघार घेणाऱ्या जर्मन फौजेबरोबर स्वतःहून निघालेलेही होते. याल्टाच्या करारानुसार त्यांना परत पाठवायचं ठरलं. बहुतेकांना पाठवलं, पुष्कळांना जबरदस्तीने. जे मागे राहिले त्यांनी युक्त्या केल्या. कोणी पोलंडचा झाला, कोणी पश्चिम युक्रेनचा, कारण १९३९ च्या सीमेबाहेरच्यांना सक्तीने परत धाडत नव्हते. नाव बदललं, गाव बदललं, युद्धाआधी कुठे होतो याची नवी गोष्ट रचली आणि छावणीतल्या प्रत्येक अधिकाऱ्यासमोर ती न अडखळता सांगायला ही माणसं शिकली.

अशा लोकांकडे १९५० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची मंडळी प्रश्नावली घेऊन गेली. प्रकल्पाचे प्रमुख होते मानवशास्त्रज्ञ क्लाइड क्लकहोन. प्रत्यक्ष कामाची धुरा रेमंड बाउअर आणि अ‍ॅलेक्स इंकेल्स यांच्याकडे. पैसा अमेरिकन हवाई दलाचा. हवाई दलाला काय हवं होतं ते उघड आहे: या समाजाचा कमकुवत सांधा कुठे आहे, घाव घातला तर तो कुठे तुटेल? प्राध्यापकांना हवं होतं वेगळंच. एका औद्योगिक समाजाचा आतून अभ्यास करायची संधी त्यांना या छावण्यांत दिसत होती.

म्युनिक आणि आसपास, शिवाय अमेरिकेत पोचलेल्यांकडून, सातशेहून अधिक मुलाखती झाल्या. त्यांतल्या ३२९ मुलाखती म्हणजे अक्षरशः आयुष्याचं कथन होतं: शाळा, घर, नोकरी, लग्न, अटक, युद्ध. लेखी प्रश्नावल्या हजारोंनी भरून घेतल्या त्या निराळ्या. मुलाखती आज संगणकावर कोणालाही वाचता येतात. मथळ्यावर नाव नसतं. फक्त क्रमांक, स्त्री की पुरुष, वय, राष्ट्रीयत्व आणि धंदा. उत्तरं दिली रशियन वा युक्रेनी भाषेत; कागदावर उतरली इंग्रजीत, त्यामुळे बोलण्याची चव बरीच गेली आहे. तरीही कारखान्यातला हिशेबनीस वरच्यांना दाखवायचे आकडे कसे जुळवायचा, डॉक्टरला आजारपणाच्या रजेचे दाखले मोजूनमापून कसे द्यावे लागत, वशिल्याला काय भाव होता (तिकडे त्याला 'ब्लात' म्हणतात), हे सगळं तिथे भरभरून आहे. शीला फिट्झपॅट्रिक यांनी पुढे १९३० च्या दशकातल्या रशियन शहरांच्या रोजच्या जगण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या मुलाखतींचा मोठा आधार आहे.

आता आक्षेपाकडे येऊ. तो तुमच्याही मनात आला असेल. देश सोडून आलेला माणूस त्या देशाबद्दल बरं कशाला बोलेल? आणि मुळात जो सोडून जातो तो मागे राहिलेल्यांचा प्रतिनिधी कसा?

या सभागृहात संख्याशास्त्राचे विद्यार्थी आहेत, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या बुधच्या पां. वा. सुखात्म्यांची आठवण काढतो. १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पिकाच्या उताऱ्याचा अंदाज नजरेने बांधण्याची जुनी रीत बाजूला सारली. गाव चिठ्ठीने निवडायचं, शेत चिठ्ठीने निवडायचं, शेतातला तुकडाही चिठ्ठीने निवडायचा आणि तेवढाच कापून मोजायचा, ही पद्धत त्यांनी देशभर रुजवली. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हार्वर्डचा प्रकल्प म्हणजे वाऱ्याने बांधाबाहेर उडवलेल्या ओंब्या गोळा करून अख्ख्या शेताचा उतारा काढण्यासारखा वाटेल. आक्षेप बिनतोड आहे. इंकेल्स आणि बाउअर यांनाही तो मान्य होता.

पण म्हणून त्यांनी ओंब्या फेकून दिल्या नाहीत. त्या कुठल्या दिशेने उडाल्या हे माहीत असेल तर त्यांना काय विचारता येतं आणि काय येत नाही, हे ठरवता येतं. छावणीतल्या लोकांपैकी इतके टक्के सोव्हिएत राजवटीच्या विरोधात होते, या आकड्याला काडीची किंमत नाही. पण त्याच लोकांमधल्या शेतकऱ्यांची उत्तरं आणि इंजिनियरांची उत्तरं शेजारी ठेवली तर? दोघेही देश सोडून आलेले, दोघांनाही अमेरिकेला जायचंय, दोघांच्या बोलण्यात कडवटपणा भरायचं कारण सारखंच. तरीही इंजिनियर म्हणतो, कामात मला समाधान होतं. आणि सामूहिक शेतावरचा शेतकरी म्हणतो, एक दिवससुद्धा नव्हतं. हा फरक मुळातला आहे, छावणीत तयार झालेला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. साक्षीदाराचा कल कुठे आहे हे ठाऊक असेल, तर त्या कलाच्या उलट जाणारं त्याचं प्रत्येक वाक्य वजनदार ठरतं. कोर्टात हे कुठलाही वकील सांगेल. हार्वर्डवाल्यांनी विचारलं, उद्या ती राजवट उलथली तर तिच्यातलं काय ठेवाल? निर्वासितांनी सामूहिक शेती आणि गुप्त पोलीस एका क्षणात मोडीत काढले. पण मोफत शिक्षण ठेवा म्हणाले. सरकारी दवाखाने ठेवा म्हणाले. मोठे कारखाने सरकारकडेच असू देत, असं म्हणणारेही थोडेथोडके नव्हते. अमेरिकन हवाई दलाच्या पैशावर, अमेरिकेचा व्हिसा मिळायची वाट पाहत बसलेल्या माणसाकडून हे उत्तर आलं! त्याला खूश करायचं असतं तर तो असं बोललाच नसता.

१९५६ आणि १९५९ मध्ये या प्रकल्पाची दोन मोठी पुस्तकं आली. नंतर सुमारे दोन दशकं या वाटेला फारसं कोणी गेलं नाही, कारण विचारायला माणसंच नव्हती. सीमा बंद होती.

सत्तरच्या दशकात ती किलकिली झाली. ज्यूंना इस्रायलमधल्या नातेवाइकांच्या बोलावण्यावर देश सोडायची परवानगी मिळू लागली. १९७९ या एका वर्षात ५० हजारांहून अधिक लोक बाहेर पडले. व्हिएन्नापर्यंत एकच वाट. तिथून काही इस्रायलला, काही रोमजवळच्या लादिस्पोलीसारख्या समुद्रकाठच्या गावात महिनोन्‌महिने थांबून अमेरिकेला. त्याच वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, संबंध बिघडले आणि दार पुन्हा मिटत गेलं. १९८६ मध्ये वर्षभरात एक हजारही माणसं सुटली नाहीत.

इस्रायलमध्ये गुर ओफेर आणि आरोन विनोकुर यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच १,२५० कुटुंबांचे घरखर्च तपासले: पगार किती, वरकमाई किती, मांस कुठून आणि काय भावाने. अमेरिकेत ग्रेगरी ग्रोसमन आणि व्लादिमिर ट्रेमल यांनी हजारावर कुटुंबांकडून सरकारी हिशेबाबाहेरच्या व्यवहारांची माहिती मिळवली. ग्रोसमन यांनी १९७७ मध्येच त्याला 'दुसरी अर्थव्यवस्था' म्हणून ओळख मिळवून दिली होती. नळ दुरुस्त करणाऱ्याला व्होडकाची बाटली, दुकानातल्या बाईला चार रूबल वर, शिकवणीला येणाऱ्या मास्तरला पाकीट. अशा सर्वेक्षणातली खुबी साधी आहे. लाच घेतलीत का विचारलं तर माणूस गप्प होतो, द्यावी लागली का विचारलं तर थांबत नाही.

पण या सगळ्यांत मोठं आणि सर्वांत काटेकोर काम झालं ते इलिनॉय विद्यापीठाच्या जेम्स मिलर यांच्या नेतृत्वाखाली. त्याला सोव्हिएत मुलाखत प्रकल्प म्हणतात. इथे प्रथमच संशोधकांच्या हाती पूर्ण यादी होती. १ जानेवारी १९७९ ते ३० एप्रिल १९८२ या काळात अमेरिकेत आलेले, येताना वय २१ ते ७० असलेले लोक: एकूण ३३,६१८. त्यांतून नमुना काढला आणि मार्च १९८३ ते जानेवारी १९८४ या काळात शिकागोच्या राष्ट्रीय जनमत संशोधन केंद्राने २,७९३ जणांच्या मुलाखती घेतल्या. रशियन भाषेत, समोरासमोर, साधारण तीन तास. निवडलेल्यांपैकी ७९ टक्के लोक बोलायला तयार झाले. ज्यांनी जन्मभर सरकारी माणसाला शक्य तितकं कमी सांगायची सवय लावून घेतली, ज्यांचे आईवडील अजून कीव्ह-ओदेसात होते, त्यांच्यातले इतके लोक दार उघडतात, याचं मला आजही नवल वाटतं.

या प्रकल्पातली एक गोष्ट थोडी जवळून पाहू. प्रश्न असा की, या माणसाच्या आयुष्यातल्या नेमक्या कुठल्या काळाबद्दल विचारायचं? 'देश सोडण्याआधीचं वर्ष' असं आपण सहज म्हणू. पण देश सोडायचा अर्ज केला की त्या माणसाचं आयुष्य पालटत असे. अर्जाला कामाच्या ठिकाणचा दाखला लागे. तो मागितला की बातमी फुटे. सहकाऱ्यांची सभा बोलावून त्यात त्याला देशद्रोही ठरवत, नोकरी जाई, मुलाचं विद्यापीठ सुटे. मग परवानगी मिळेपर्यंत, किंवा नाकारली जाईपर्यंत, कालपर्यंतचा इंजिनियर कुठेतरी बॉयलर सांभाळतो. अशा माणसाला शेवटच्या वर्षाबद्दल विचारलं तर काय कळेल? देश सोडू पाहणाऱ्याचं आयुष्य कळेल. सोव्हिएत नागरिकाचं नाही.

म्हणून त्यांनी आधी एवढंच विचारलं: जायच्या निर्णयामुळे तुमच्या जगण्यात फरक पडायला सुरुवात कधी झाली? ती तारीख ठरली की तिच्या आधीची पाच वर्षं हा त्या माणसाचा 'शेवटचा सामान्य काळ' धरला. पगार, घर, रांगा, वर्तमानपत्र, मित्र, पार्टीच्या सभा, सगळे प्रश्न त्या पाच वर्षांपुरते. कोणाची पाच वर्षं १९७८ ला संपत, कोणाची १९८० ला. सर्वेक्षणशास्त्रात चतुराईचे नमुने पुष्कळ आहेत, पण इतकी समजूतदार युक्ती मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. प्रश्नावली लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी या लोकांशी आधी बराच वेळ नुसतं बोलत बसलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

१९८७ मध्ये मिलर यांनी संपादित केलेलं मुख्य पुस्तक आलं. त्यात काय निघालं? शेवटच्या सामान्य काळात घर, नोकरी, एकूण राहणीमान याबद्दल आपण समाधानी होतो, असं बहुसंख्यांनी सांगितलं. दुकानांत माल न मिळण्याबद्दल मात्र तीव्र नाराजी. मोफत शिक्षण, सरकारी आरोग्यसेवा यांना पाठिंबा अजूनही होताच. अमेरिकेने सोव्हिएत देशाकडून काय शिकावं, असंही विचारलं होतं. उत्तरांत याच दोन गोष्टी आल्या आणि त्यांच्या जोडीला गुन्हेगारीला बसवलेला आळा. त्या वर्षांतल्या न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्याला हे तिसरं का सुचलं असेल, ते सांगायला नको.

खरा धक्का पुढे आहे. हार्वर्डच्या निर्वासितांत तरुण आणि शिकलेले लोक राजवटीशी अधिक जुळवून घेणारे होते; विरोधाची धार जास्त होती ती वयस्कांत आणि शेतकऱ्यांत. इलिनॉयच्या लोकांत हे चित्र उलटं झालं. आता तरुण अधिक असमाधानी, शिकलेले अधिक असमाधानी. ज्यांना चांगली नोकरी, मोठ्या शहरात बरं घर मिळालं होतं, म्हणजे ज्यांच्यावर व्यवस्थेने सर्वांत जास्त खर्च केला, नेमके तेच तिच्यापासून सर्वांत दूर गेलेले. ब्रायन सिल्व्हर आणि डॉना बाहरी यांनी हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बाजूंनी तपासलं. घरच्यांच्या मागे निघालेल्यांची आणि राजकीय कारणाने निघालेल्यांची उत्तरंही वेगळी काढून पाहिली. पिढ्यांचा फरक काही पुसला गेला नाही.

त्यामागचं कारण माझ्या समजुतीप्रमाणे असं. ज्याने दुष्काळ पाहिला, युद्ध पाहिलं, तीन कुटुंबांत एक चूल असलेल्या घरात बाळंतपण काढलं, त्याला सत्तर साली मिळालेली दोन खोल्यांची स्वतंत्र सदनिका म्हणजे लॉटरी होती. त्याच्या मुलाला ती जन्मापासूनच मिळालेली. तो तिची तुलना मागच्या चाळीस सालाशी करत नव्हता. शाळेत, भाषणांत, वर्तमानपत्रांत ज्याचं वचन मिळालं होतं त्याच्याशी करत होता. राजवटीने आपल्या सर्वांत सुशिक्षित पिढीला अपेक्षा करायला शिकवलं आणि मग रांगेत उभं केलं.

हे सगळं १९८३ च्या मुलाखतींत होतं. गोर्बाचोव सत्तेवर आले १९८५ मध्ये. त्यांच्या सुधारणांना उचलून धरणारा वर्ग नेमका हाच, मोठ्या शहरांतला, शिकलेला, मधल्या वयाचा निघाला. देश कोसळेल असं या सर्वेक्षणाने सांगितलं का? नाही सांगितलं, आणि तसं सांगणं त्याच्या आवाक्यातही नव्हतं. त्याच्या मर्यादा तर ढळढळीत होत्या. बहुतेक माणसं ज्यू, युरोपीय भागातल्या मध्यम आणि मोठ्या शहरांतली. उझबेकिस्तानात कापूस वेचणाऱ्या बाईबद्दल, सैबेरियातल्या खेड्याबद्दल यातून एक अक्षर कळत नाही. ज्यूंना तिथे विद्यापीठातल्या प्रवेशापासून बढतीपर्यंत जे सोसावं लागे, ते इतरांच्या वाट्याला नव्हतं. त्यामुळे लेखकांनी निष्कर्ष मध्यम आणि मोठ्या शहरांतल्या युरोपीय प्रौढांपुरते मांडले, त्यापुढे गेले नाहीत. शास्त्रज्ञाच्या अशा आवरतं घेण्याचं कौतुक वर्तमानपत्रांना नसतं, पण आपण करायला हरकत नाही.

पैशाचं काय, असं कोणी विचारील. इथेही पैसा सरकारी होता. संरक्षण खातं होतं, गुप्तचर संस्था होती. म्हणजे मॉस्कोतल्या दुधाच्या रांगेत कोणाला किती वेळ लागतो, याची चौकशी शेवटी वॉशिंग्टनच्या गुप्तचरांच्या खर्चाने झाली. यात मला गंमतही वाटते आणि थोडी अस्वस्थताही. आपलं बोलणं कोणाच्या टेबलावर जाणार हे त्या ओदेसाच्या शिक्षिकेला कितपत ठाऊक होतं? सगळी माहिती विद्यापीठांच्या सामायिक दफ्तरात खुली ठेवली गेली, नावं काढून टाकली गेली, पुस्तकं उघडपणे छापली, हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. तरी अस्वस्थता शिल्लक राहते, आणि ती राहावीच.

ऐंशीच्या दशकाअखेर या सगळ्याची गरजच संपल्यासारखी झाली. तात्याना झास्लावस्काया यांच्या पुढाकाराने मॉस्कोत जनमत अभ्यासाचं केंद्र निघालं. सत्तरच्या दशकात गप्प केलेले युरी लेवादा तिथे आले आणि १९८९ मध्ये त्यांनी सोव्हिएत माणसाबद्दलचा मोठा अभ्यास देशाच्या आतच सुरू केला. आता बाहेर पडलेल्यांची उत्तरं आत राहिलेल्यांच्या उत्तरांशी ताडून पाहता येत होती. बाहरी यांनी १९९३ मध्ये हार्वर्ड, इलिनॉय आणि देशातली नवी सर्वेक्षणं शेजारी मांडली. पिढ्यांमधला तो उलटा फरक देशातही सापडला.

पण पुढे लेवादा यांच्या नावाच्या सर्वेक्षण संस्थेला २०१६ मध्ये 'परदेशी हस्तक' ठरवलं गेलं. २०२२ च्या मार्चमध्ये रशियात युक्रेनमधल्या युद्धाबद्दल 'खोटी माहिती' पसरवणं गुन्हा झाला आणि दारावर आलेल्या किंवा फोनवरच्या अनोळखी माणसाला तोंड उघडून उत्तर देण्याची जोखीम पुन्हा वाढली. त्याच वर्षी लाखो लोक रशियातून निघून तिबिलिसी, येरेवान, बेलग्रेड, इस्तंबूल इथे पोचले, आणि त्यांच्यामागे सर्वेक्षणंही आली. एमिल कमालोव आणि इवेत्ता सर्गेयेवा या दोन तरुण संशोधकांचं 'आउटरश' हे त्यांतलं सर्वांत चिकाटीचं. इलिनॉयसारखी ३३,६१८ नावांची यादी आता कोणाकडे नाही. टेलिग्रामवरच्या गटांमधून लोक गोळा करावे लागतात, त्यामुळे नमुन्याच्या बाबतीत आपण हार्वर्डच्या छावणीइतकेच मागे गेलो आहोत.

पण एक गोष्ट हार्वर्डला किंवा इलिनॉयला स्वप्नातही शक्य नव्हती. आउटरश त्याच माणसांना काही महिन्यांनी पुन्हा गाठून विचारतं. आणि या पुढच्या फेऱ्यांत दिसतं की पहिल्या वेळी तिबिलिसीहून उत्तर देणाऱ्यांपैकी काही जण दरम्यान रशियात परत गेले आहेत. म्हणजे देश सोडलेला आणि देशात राहणारा अशी जी विभागणी गेली सत्तर वर्षं आपण गृहीत धरत आलो, ती आता एकाच माणसाच्या दोन उत्तरपत्रिकांमध्ये येऊन पडली आहे. त्या दोन उत्तरपत्रिका कशा वाचायच्या याचं शास्त्र अजून तयार व्हायचं आहे.